थंडीत विणलेलं जाळं

प्रयोगशाळेत सगळे तिला जेलबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठ वळली की. माणसाला टोपणनाव पडतं ते एक तर कामामुळे, नाहीतर घोटाळ्यामुळे. आपल्याला ते कामामुळे पडलंय, असं ती त्या मंगळवारच्या सकाळपर्यंत धरून चालली होती.

काम असं, की शरीरातल्या पेशी काही हवेत लटकत नाहीत. त्यांच्या अवतीभवती धाग्यांचं एक जाळं असतं, मुख्यतः कोलॅजेनचं. पाठ्यपुस्तकं त्याला एक परिच्छेद देतात आणि पान उलटल्यावर विसरून जातात. जेलबाईने त्या परिच्छेदातच संसार थाटला होता. ती ताटलीत तसलं जाळं, म्हणजे जेल, तयार करी, त्यात रोगाशी लढणाऱ्या पेशी सोडी आणि त्या कशा वागतात ते सूक्ष्मदर्शकातून बघत बसे. तीच पेशी सैल जाळ्यात ऐटीत हिंडते आणि दाट, कडक जाळ्यात गेली की एक तर चिडखोर होते, नाहीतर हातपाय गाळून बसते. ऑफिसात कुठल्या टेबलाशी बसवलंय त्यावर माणूस कसा वागेल ते ठरतं, तसंच हे. फक्त पेशींना बदलीचा अर्ज करता येत नाही.

आणि या खेपेला ताटलीतल्या पेशी तिच्या सख्ख्या भावाच्या होत्या.

खरं म्हणजे हे तिला कळायलाच नको होतं. नमुन्यावर नाव नसतं, क्रमांक असतो, गुप्तता कडक. पण दादा पडला मोटार ड्रायव्हिंगचा मास्तर, आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून बोलण्याचीच सवय. रक्त काढताना त्याने नर्सपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना बजावलं होतं, की माझी बहीण वरच्या मजल्यावर असते, तिला म्हणावं डोळे उघडे ठेवून बघ. त्यामुळे गुप्तता पूर्ण पाळली गेली आणि माहीत नव्हतं असं कोणी उरलं नाही.

दादाच्या यकृतात गाठ होती. त्याच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढून, त्यांना गाठ ओळखायला शिकवून, एका पिशवीत गोठवून ठेवल्या होत्या. पिशवी एकच, आणि चाचणीपुरत्या चिमूटभर पेशी वेगळ्या. पुन्हा तेवढं रक्त काढण्याजोगा दादा आता राहिला नव्हता. प्रश्न एवढाच होता, की या पेशी गाठीभोवतालच्या दाट जाळ्यातून आपल्या आपण आत शिरतील का? शिरणार असतील तर आजच दुपारी पिशवी वितळवून द्यायची. नसतील तर आधी काही आठवडे जाळं सैल करणारं औषध, आणि पिशवी मग. ते औषध दादाने एकदा घेतलं होतं. पाय सुजले, सांधे धरले आणि जिभेला चव म्हणून राहिली नाही. ते पुन्हा घेण्यापेक्षा मी रिव्हर्स गिअरमध्ये घरी जातो, असं त्याने मोठ्या डॉक्टरांना ऐकवलं होतं.

बायोप्सीत, म्हणजे गाठीच्या काढलेल्या तुकड्यात, होतं तेवढंच कोलॅजेन घेऊन जेलबाईने परवा जेल ओतलं, पेशी सोडल्या. काल निकाल आला: पेशी सुसाट आत गेल्या. साहेबांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तिच्या देखत वॉर्डात फोन लावून शुभवार्ता दिली. साहेबांना शुभवार्ता स्वतः द्यायला आवडे. दुसऱ्या प्रकारच्या वार्तांसाठी हाताखाली माणसं होती.

आज सकाळी ती चित्रफीत पुन्हा लावून बसली, ती निव्वळ सुखासाठी. दादाच्या पेशी धाग्यांमधून अशा पळत होत्या, की तिला हसू आलं. मग हसू ओठांवरच थांबलं. तिने चित्र मोठं केलं. धागे जाड होते. चांगले दोरखंडासारखे, आणि मधली भोकं ऐसपैस. शेजारी तिने बायोप्सीचा फोटो लावला. तिथे धागे केसासारखे बारीक आणि वीण अशी घट्ट, की नजरही अडकावी.

कोलॅजेन तर तेवढंच होतं. पण तेवढ्याच सुताचं मासेमारीचं जाळंही होतं आणि मच्छरदाणीही होते. कोलॅजेन उबेत झटपट गोठलं तर मच्छरदाणी. गारव्यात सावकाश गोठलं तर मासेमारीचं जाळं. म्हणून ओतल्या ओतल्या ताटली उबदार पेटीत ठेवायची असते. हे ती दरवर्षी नव्या मुलांना इतक्या वेळा सांगे, की मुलं तिची नक्कल करत.

मग तिला वहिनीचा फोन आठवला.

परवा जेल ओतलं आणि फोन वाजला. वहिनी सांगत होती, की ते औषध म्हणताच हे भिंतीकडे तोंड करून झोपतात, जेवत नाहीत, तू काहीतरी कर. जेलबाई बोलत बोलत बाहेर गेली. ताटली ओट्यावर राहिली, एसीच्या झोताखाली. परत आल्यावर जेल गोठलेलं दिसलं. गोठलंय म्हणजे झालं, असं समजून तिने ते पेटीत सरकवलं.

पिशवी जिथे गोठवून ठेवली होती, त्या पेशीपेढीत तिने फोन लावला. पेढीवाला म्हणाला, पिशवी बाहेर काढायचीच तयारी चाललीय.

"काढू नका," ती म्हणाली.

तो म्हणाला, साहेबांची सही आहे, थांबवायला पण साहेबच लागतील. "पण मॅडम, मी हातमोजे जरा सावकाश घालू शकतो."

ती जिन्याने धावली. लिफ्टसाठी थांबलं तर उभ्या उभ्याच रडू येईल, अशी तिला भीती होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, की सख्खा भाऊ म्हटल्यावर हे व्हायचंच, आयत्या वेळी कोणाचेही पाय लटपटतात. जेल थोडं इकडेतिकडे होणारच, शरीर काय मोजपट्टी घेऊन बसलंय? शिवाय वॉर्डात कळवून झालंय. कळवून झालंय हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जणू यकृतालाही तसं पत्र गेलंय.

"माझे पाय लटपटत नाहीयेत, सर," ती म्हणाली. "मी ताटली बाहेर विसरले. मी. ती चित्रफीत दादाच्या गाठीची नाही, आपल्या ओट्याची आहे."

"निकाल परत घ्यायचा म्हणजे लोक काय म्हणतील, कल्पना आहे?"

"जेलबाई म्हणतील. आत्ताही म्हणतात."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. हे नाव तिच्याही कानावर गेलंय, असं त्यांना वाटलं नव्हतं. चाचणीतल्या काही पेशी उरल्यात का, त्यांनी विचारलं. मूठभरसुद्धा नाहीत, ती म्हणाली, पण दोन ताटल्यांपुरत्या आहेत. साहेबांनी फोन उचलला आणि पेढीवाल्याला सांगितलं, की संध्याकाळपर्यंत थांब. कारण मात्र सांगितलं नाही.

या खेपेला ओतताना तिने फोन खणात टाकून खण बंद केला. ओतलं, तशी ताटली उबदार पेटीत. जेल गोठलं तेव्हा मागचा काळा कागदही धूसर दिसत होता, इतकी वीण दाट. तिने उरलेल्यांतल्या निम्म्या पेशी वर सोडल्या आणि सूक्ष्मदर्शकाशी बसली. साहेबही खुर्ची ओढून बसले. आपण सहज आलोय असं दाखवायला त्यांनी हातात चहाचा कप धरला होता, तो रिकामा होता.

आत शिरावं, असं तिला वाटत होतं. मनापासून. आपण खोटं ठरावं, साहेबांनी उद्या जेवणाच्या सुट्टीत आपली टर उडवावी आणि दादाला ते औषध लागू नये.

पेशी जाळ्याशी आल्या. एकीने नाक खुपसलं, बारीक होत निम्मी आत गेली, आणि मधला गोळा, पेशीचं केंद्रक, भोकात अडकला. पेशी सगळं अंग मऊ करू शकते, तेवढं केंद्रक तिला आवळता येत नाही. ती मागे सरकली आणि बाकीच्यांसारखी धाग्यांच्या कडेकडेने पळू लागली. गोल, गोल, आणि आतल्या बाजूला कोणीच नाही. दुपार कलली तसा त्यांचा वेगही कमी झाला. काही नुसत्याच बसून राहिल्या.

साहेबांनी रिकाम्या कपातून एक घोट घेतला. "वॉर्डात मी कळवू का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. हे त्यांच्या खात्यात येत नव्हतं.

"नको. मी जाते."

वॉर्डात दादा उशा पाठीशी घेऊन बसला होता. कालच्या शुभवार्तेने त्याची दाढीसुद्धा झाली होती. वहिनी सफरचंद कापत होती. जेलबाईने उभ्यानेच सगळं सांगितलं: ताटली, एसी, फोन. वहिनीचा म्हणताना ती अडखळली, पण वहिनीच्या ते लक्षात आलंच. सुरी बशीत राहिली.

दादाने सफरचंदाची बशी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "आत जात नाहीत, तर करतात काय त्या?"

"कडेकडेने फिरतात. मग दमून बसतात."

"म्हणजे पार्किंग शोधतायत."

"तसंच."

"आणि काल ज्या पळत होत्या त्या?"

"ते मोकळं मैदान होतं, दादा. चुकून मीच केलेलं."

"मैदानात सगळेच पास होतात गं," तो म्हणाला, आणि चेहरा भिंतीकडे वळवला. वहिनीने जेलबाईकडे पाहिलं. आता हा जेवायचा नाही, असं त्या पाहण्यात होतं. जेलबाई बसली. तिला शास्त्रीय असं काही सुचेना. नाही घेतलंस तर ती एकच पिशवी बाहेर फिरून फिरून संपेल, एवढं ती म्हणाली.

भिंतीकडूनच दादाने विचारलं, "किती सुजतील पाय?"

"मागच्याइतके."

"चपला मोठ्या आण," तो वहिनीला म्हणाला. "मागच्या वेळी तुझ्या घालाव्या लागल्या होत्या, जिन्यात सगळं जग हसत होतं."

औषध दुसऱ्या दिवशी सुरू झालं. पिशवी गोठलेलीच राहिली. काही आठवड्यांनी औषध थांबलं, दादाच्या गाठीचा नवा तुकडा वर प्रयोगशाळेत आला आणि त्याच्याशी जुळणारं जेल ओतायचा दिवस उजाडला. जाळं खरंच सैल झालंय का, ते अजून कोणालाच माहीत नव्हतं. जेलबाईने ओतायला सुरुवात केली आणि खणात फोन थरथरू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिने ताटली उचलली, पेटीचं दार उघडलं, ताटली आत ठेवली, दार लावलं, तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. मग खण उघडला.

"कुठे उलथली होतीस?" वहिनी म्हणाली. "इथे हे जेवायला मागतायत. चव लागतेय म्हणे थोडी. काय देऊ?"

"काय मागतोय ते दे," जेलबाई म्हणाली, आणि पेटीच्या दारावर हात ठेवून तशीच उभी राहिली.