डावा गाल

चैत्रात फुलवंता मोहफुलं वेचायला जंगलात गेली आणि तिला वाघानं धरलं. चिचगडच्या लोकांना ती दुपारी सापडली. ओळख पटवायला तिचा नवरा मनीराम आणि आई मंगली, दोघांनाच पुढं बोलावलं. मनीरामनं मान फिरवली. मंगलीनं पाहिलं. चेहऱ्याची डावी बाजू राहिलीच नव्हती. "हव, माहीच आहे," एवढं ती म्हणाली आणि खांद्यावरचा टॉवेल तिनं लेकीच्या तोंडावर टाकला. सहा वर्षांच्या दिव्याला आईचं तोंड कुणी दाखवलं नाही. गुंडाळलेलंच मातीत ठेवलं.

महिन्याभरानं मंगली कामावर परतली. एका संस्थेनं गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. एका खोलीत पातळ चिनी माती साच्यात ओतून वीतभर बाहुल्या काढायच्या आणि विजेच्या भट्टीत भाजायच्या. दुसरीत पाच-सहा बायका खिडकीपाशी बसून त्यांना घासायच्या, रंगवायच्या. निळे डोळे, गुलाबी गाल. रंग पक्का व्हायला पुन्हा भट्टी. मंगलीचा सारा जन्म तेंदूपाला खुडण्यात गेला होता, पण ब्रश धरला की तिचा हात हलत नसे.

त्या दिवशी तिनं सात बाहुल्या घेतल्या. उजवी भुवई, उजवा डोळा, उजवा गाल झरझर झाले. डावीकडं ब्रश आला की थांबे. सुटी झाली तेव्हा सातही बाहुल्या अर्ध्याच होत्या.

शिकवणारी गुंजन मॅडम गोंदियाहून यायची. ती जवळ येऊन बसली. "मंगलीबाई, तबियत ठीक नहीं है तो घर जाओ ना. आराम करा थोडे दिवस."

"घरी काय करू, मॅडम? घरी तेच दिसून राहते."

खरं दुखणं तिनं सांगितलं नाही. लेकीला आठवायला गेलं की तो शेवटचा चेहराच पुढं येई. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं जणू कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकली होती. आधार कार्डावरचा फोटो म्हणजे नुसता काळा डाग, आणि फुलवंताचा फोन जंगलात पडला तो पडलाच.

शाळेला सुट्ट्या लागल्या. मनीराम तेंदूपाल्याच्या कामावर जाई, म्हणून मंगली दिव्याला सोबत आणू लागली. पोरगी भिंतीशी बसून राही. कुणी विचारलं तरी बोलत नसे. तिसऱ्या दिवशी भट्टीतून एक कोरी बाहुली पाठीला चीर पडून निघाली. ती विकण्याजोगी नव्हती, म्हणून गुंजन मॅडमनं ती पोरीच्या हातात दिली. दिव्यानं ती नीट उलटीपालटी करून पाहिली आणि आजीपुढं ठेवली.

"आजी, हिले माय कर."

"नाही येत मले."

"काऊन नाही येत? बाकीच्या तं करतस."

मंगलीनं बाहुली उचलली. मग म्हणाली, "कशी करू? तूच सांग."

"भितीवानी रंग. सारवलेल्या भितीवानी."

मंगलीनं तपकिरीत पिवळा कालवला. पोरगी सांगत गेली. कपाळ मोठं. भुवया बारीक, मधात जुडलेल्या. हसली का इकडं खड्डा पडे. असं म्हणून तिनं आपल्याच डाव्या गालात बोट रुतवलं.

मंगलीनं आधी हनुवटीवर गोंदणाचा ठिपका दिला.

"मधात नाही, आजी! इकडं सरकला होता. भुललीस काय?"

मंगलीचा हात तिथंच राहिला. बाजारात नऊ वर्षांची फुलवंता गोंदणारणीपुढं बसली होती. सुई टोचताच तिनं मान हिसडली, ठिपका सरकला, आणि घरी येईपर्यंत ती रडत होती, माहा चेहरा बिघडवला म्हणून. ते सारं तोंड, शेंबडासकट, मंगलीला दिसलं. तिनं ठिपका पुसून डावीकडं दिला.

तेवढ्यात दिव्या म्हणाली, "आजी, वाघानं मायले कुठं खाल्लं?"

बायकांचे हात थांबले. "बेटा, ऐसा नहीं पूछते," गुंजन मॅडम घाईनं म्हणाली.

"विचारू द्या, मॅडम," मंगली म्हणाली. तिनं स्वतःच्या डाव्या गालावर हात ठेवला. "इथं."

"म्हणून तोंड झाकलं होतं?"

"हव."

"दुखलं असन?"

"मान धरली होती त्यानं आधी. लवकर गेली ती." हे फॉरेस्टच्या माणसानं तिला सांगितलं होतं. खरं होतं की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

पोरीनं बाहुलीकडं पाहिलं. "मंग इकडं रंगवू नको."

"इकडंबी माही पोरगीच होती," मंगली म्हणाली, आणि तिनं डावा गाल रंगवायला घेतला. वेळ लागला. मनगट दुसऱ्या हातानं धरावं लागलं. गालावरची खळी तिनं गडद रंगाच्या एका टिंबानं दाखवली.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर रंग दोन छटा गडद झाला होता आणि हनुवटीचा ठिपका फुटून पसरला होता. दिव्यानं बराच वेळ न्याहाळलं.

"माय नाही दिसत." मग बाहुली थोडी दूर धरून म्हणाली, "थोडीशी दिसते."

तिनं बाहुली फडक्यात गुंडाळून घरी नेली आणि तोंड उघडं ठेवलं. मनीराम कामावरून आला तेव्हा ती ओट्यावर बाहुलीशी बोलत होती. महिन्याभरात ती एवढं बोललीच नव्हती. त्यानं ऐकलं, बाहुली हातात घेतली आणि डाव्या गालावरून अंगठा फिरवला. मग ती पोरीला परत देऊन आत आला. मंगली चुलीपाशी होती.

"वाघानं गाल खाल्ला म्हनते पोरगी," तो हळूच म्हणाला. "मी तं पाहिलं नाही तिले. माह्यानं झालंच नाही. रोज वाटते, पाहाले पाहिजे होतं." तो अडखळला. "तेवढंच होतं काय?"

मंगलीनं भाताखालचं लाकूड ओढलं. त्याच्याकडं तिनं पाहिलं नाही.

"पोरीले तेवढंच सांगितलं," ती म्हणाली.

मनीराम दाराला धरून खाली बसला. तिनं ताट वाढून त्याच्यापुढं सरकवलं. बाहेर दिव्या बाहुलीला आंघोळ घालत होती, पाणी थंड आहे म्हणून समजावत होती. ताट तसंच राहिलं.