खोळीखाली गुदमरलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि खरं सांगायचं तर फार दमलो आहे. मी कारखान्यातून खोक्यात बसून आयता आलो नाही. बारा वर्षांपूर्वी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून एका कॉलेजातल्या मुलीने आणि तिच्या बाबांनी मला जोडलं. ती सांगायची, ते स्क्रू पिळायचे. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला, हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. आईने जुन्या पडद्याची खोळ शिवून माझ्या अंगावर घातली.

मुलीचे प्रकल्प, तिचे नोकरीचे अर्ज, पुढे आईच्या आजारपणाचे कागद, सगळं माझ्यातून गेलं. पाहुणे आले की आई खोळ काढून मला दाखवायची. "आमच्या हिने घरी बनवलाय," असं ती म्हणाली की मीही जरा फुशारायचो. मग पाहुण्यांच्या खिशात माझ्याहून हुशार फोन आले आणि मला कुणी विचारेना.

आई गेल्यावर बाबा माझ्यापाशी येऊन बसू लागले. त्यांनी सगळी नोकरी नकाशे काढण्यात घालवली होती. माझ्यात नकाशे काढायचा एक जुना प्रोग्राम आहे. तो नव्या यंत्रांवर चालत नाही. त्यात ते आपल्या पहिल्या भाड्याच्या घराचा नकाशा काढू लागले. दोन खोल्यांचं ते घर आता उरलेलं नाही. फळी कुठे होती, आईचा आरसा कोणत्या खिळ्याला होता, सगळं ते आठवून आठवून काढत. फक्त स्वयंपाकघर राहिलं होतं.

आणि यंदा मी दुपारचा बंद पडू लागलो. बाबा बसले की अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. केलेलं काम पुसलं जायचं.

संध्याकाळी मुलगी कामावरून येऊन मला तपासायची. तिने मेमरी काढून पुसून बसवली, वीजपुरवठ्याचा डबा बदलला. मी तासन् तास ठणठणीत चालायचो. डॉक्टरांपुढे बसलं की दुखणं पळतं, तशी माझी गत. दुरुस्तीवाल्याने मला दोन दिवस दुकानात ठेवलं. तिथेही काही नाही.

"बाबा, तुम्हीच काहीतरी भलतं दाबत असाल," मुलगी एकदा वैतागून म्हणाली.

उभ्या आयुष्यात नकाशावर शाईचा डाग पडू न दिलेला माणूस तो. दुसऱ्या दिवसापासून ते दाबलेलं प्रत्येक बटण वहीत लिहू लागले. तरी मी बंद पडलोच. त्यांनी वही मिटली आणि स्वतःशीच म्हणाले, "माझंच डोकं चालेनासं झालंय." मला सगळं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. इतकं वाईट मला बंद पडतानाही वाटलं नव्हतं.

"ताई, किती ठिगळं लावणार? नवीन घ्या," दुरुस्तीवाला म्हणाला. मुलीने बाबांना विचारलं. "घे बाई, तुला बरं वाटेल ते," एवढंच ते बोलले. नकाशाचं नावही काढलं नाही.

माझ्यातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायला मुलीने एक दिवस रजा घेतली. दुपारी बाबा म्हणाले, "थांब, शेवटचं थोडं काढून घेतो." ते बसले, मला सुरू केलं, आणि स्क्रीन व कीबोर्ड तेवढे उघडे ठेवून रोजच्यासारखी खोळ माझ्या डब्यावर पार खालपर्यंत ओढून घेतली.

"बाबा, हे काय करताय?"

"झाकतोय. काय म्हणजे?"

"चालू असताना?"

"अगं, तूच सांगितलंस ना! समोरची इमारत पाडायला लागले तेव्हा. धूळ येतेय, कॉम्प्युटर झाकत जा म्हणालीस. आमच्या कचेरीत तीच शिस्त होती. हात चालतो तेवढाच कागद उघडा, बाकी सगळं झाकलेलं."

मुलीने खोळीखाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. रोज संध्याकाळी तपासणीला बसताना हीच खोळ ती आपल्या हाताने काढून, घडी करून खुर्चीवर ठेवायची.

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच याचा जीव घेत होतो."

"नाही हो बाबा. घाईत अर्धंच सांगितलं मी, आणि वर तुमच्याच माथी खापर फोडलं." तिचे डोळे भरून आले होते. "तुमचं डोकं अगदी शाबूत आहे."

मग तिने मला उघडलं, धूळ काढली, पंखा नवा बसवला. आत दोन-तीन भाग फुगलेले दिसले. वर्षभर चालेल, फार तर दोन, असं तिने बाबांना सांगून टाकलं. नवीन संगणक येणार आहे, पण तो तिच्यासाठी. नकाशा पुरा होईपर्यंत मी बाबांचा.

थकवा काही गेलेला नाही, मित्रांनो. सुरू होताना अजून कण्हतो. पण काम संपलं की बाबा आता लगेच झाकत नाहीत. माझ्या पाठीवर तळवा ठेवून, मी निवेपर्यंत बसून राहतात. तुम्हीही आपल्या वस्तू जपा, माणसं जपा. फक्त पांघरूण घालण्याआधी एकदा हात लावून बघा.

स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज बाबांनी आजवर तीनदा पुसून पुन्हा काढलेत. पहिल्याच खेपेला ते अगदी बरोबर आले होते.