गेर्स्टनकोर्न नावाचा ठसा

मी एक जुना लाकडी ठसा आहे. नासपतीच्या लाकडाचा, दीड वीत लांब, चार बोटे रुंद. पाठीवर धरायला मूठ आहे आणि पोटावर एक आडनाव कोरलेले आहे: गेर्स्टनकोर्न. मित्रांनो, हे आडनाव तुम्ही ऐकले नसेल आणि त्यात तुमची काही चूक नाही. आमच्या साऱ्या खोऱ्यात ते फक्त दोन घरांत होते. एक घर ज्यूंचे, एक जर्मनांचे. दोन्ही घरांनी मला वापरले, म्हणून माझी गोष्ट ही त्या दोघांचीही गोष्ट आहे.

माझा जन्म १९०८ सालचा, पूर्व युरोपातल्या बुकोविना प्रांतातल्या लुंकावा गावचा. तेव्हा आमच्यावर ऑस्ट्रियाच्या बादशहाचे राज्य होते. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी शुलिम गेर्स्टनकोर्न यांची पाणचक्की होती. पंचक्रोशीतले शेतकरी तिथे दळायला येत आणि सगळ्यांची पोती दिसायला सारखी. कुणाचे पोते कुणाच्या गाडीत गेले यावरून रोज तंटा. शेवटी शुलिमची बायको फ्रिमे कंटाळली. तिने सुताराला बोलावून सांगितले की निदान आमच्या पोत्यांवर तरी नाव उमटेल असे काहीतरी करून दे.

सुताराला वाचता येत नव्हते. कागदावरची अक्षरे त्याने चित्रासारखी निरखली आणि चार दिवस खपून ती माझ्या अंगावर उलटी कोरली. पहिल्या पोत्यावर मी उमटलो तेव्हा फ्रिमेने मान कलती करून पाहिले आणि वाचता येतंय, असे म्हणून ती कामाला लागली. तेवढेच माझे बारसे.

जर्मन भाषेत या नावाचा अर्थ जवाचा दाणा. पण त्याच भाषेत डोळ्याच्या पापणीवर येणाऱ्या रांजणवाडीलाही तोच शब्द आहे. त्यामुळे गावातली पोरे शुलिमला पाहिले की एक डोळा चोळू लागत.

दुसऱ्या वर्षीच्या सुगीत कास्पर नावाचा एक तरुण जर्मन शेतकरी चक्कीवर आला. लग्न करून तो बायकोच्या, म्हणजे अपोलोनियाच्या, शेतावर नुकताच राहायला आला होता. आपले धान्य दळून झाल्यावर त्याने भिंतीशी रचलेली तीन पोती शांतपणे उचलून गाडीत टाकली. फ्रिमे पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली.

"अहो, ती कुठं घेऊन चाललात?"

"घरी. माझं नाव आहे त्यांच्यावर. तुम्ही छापून ठेवलंत, फार बरं वाटलं."

त्याला खरेच वाटले होते की नव्या गिऱ्हाइकाचे असे स्वागत करण्याची इथली रीत असावी. शुलिम बाहेर आले. कास्परने खिशातून लष्करातले ओळखपुस्तक काढले. अक्षर न् अक्षर तेच. दळणाला आलेला एक रुमानियन म्हातारा गोणीवर बसल्या बसल्या म्हणाला, "झालं. भावकी निघाली. आता वाटणीचा दावा लागणार."

त्या दिवशी चक्की तासभर थांबली आणि नाव कुणाचे खरे यावर चर्चा झाली. कास्परचे म्हणणे, आमचे नाव चारशे वर्षांचे. त्याचे पूर्वज ऱ्हाइन नदीकडचे, जव भिजवून बिअरसाठी माल्ट करणारे. शुलिमचे नाव तितके जुने नव्हते. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांच्या काळापर्यंत ज्यू माणसाला आडनाव नसे. अमक्याचा मुलगा तमका, एवढे पुरे होई. मग बादशहाचा हुकूम आला की प्रत्येकाने जर्मन आडनाव घ्यावे. ते पूर्वज कारकुनापुढे उभे राहिले आणि हे नाव घेऊन परतले. ते जवाचा व्यापार करत म्हणून ते नाव मिळाले, असे शुलिम मानत. फ्रिमेने मात्र सासूकडून वेगळेच ऐकले होते. त्या दिवशी पूर्वजांचा डोळा सुजलेला होता, कारकुनाने तोंडाकडे पाहिले आणि दिसले ते लिहिले.

"तुमचं जवावरून आलं, आमचं रांजणवाडीवरून," ती कास्परला म्हणाली. "पोत्यावर दोन्ही सारखंच उमटतं, त्याला काय करणार?"

मग असे ठरले की ठसा एकच असावा. चक्कीच्या पोत्यांना काळी शाई, कास्परच्या पोत्यांना लाल. सुगीचे दोन महिने मी कास्परच्या कोठारात राही, बाकीचे वर्ष चक्कीत. शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा वार, शुलिमच्या घरी चूलही पेटत नसे, तेव्हा ओढ्याचे पाणी अडवणाऱ्या फळ्या वरखाली करायला कास्पर येई. रविवारी तो सहकुटुंब चर्चला गेला की त्याच्या गुरांकडे शुलिम बघत. टपालवाल्याने एकाची पत्रे दुसऱ्याकडे टाकणे तर नेहमीचेच होते. उघडून वाचल्यावर लक्षात यायचे, आणि मग पत्राबरोबर त्यातली बातमीही पोहोचती केली जायची.

माझी पोती आगगाडीने दूर जात, पार डॅन्यूबवरच्या बंदरापर्यंत. एकदा तिथून एक कार्ड आले. धक्क्यावर तुमचे पोते पाहिले, मीही गेर्स्टनकोर्नच, तुम्ही कुठले? शुलिमची एकुलती एक मुलगी एत्ती तेव्हा चौदा वर्षांची होती. त्या कार्डाने तिला नादच लागला. ती व्यापाऱ्यांना विचारी, अनोळखी लोकांना पत्रे लिही आणि जिथे जिथे हे नाव सापडे ते गाव वहीत टिपून ठेवी. जर्मनीच्या उत्तरेकडची काही खेडी, लेम्बर्गमधला एक शिक्षक, व्हिएन्नातली दोन घरे, ओदेसातली एक विधवा, जहाजाने ब्वेनोस आयरेसला गेलेला एक टोपीवाला. वीस वर्षांत एकतीस घरे जमली. ज्यू घरे ती काळ्या शाईने लिही, जर्मन घरे लाल शाईने. काही जण कोणते ते पत्रावरून कळत नसे. ती नावे पेन्सिलीने लिहिलेली होती आणि एत्तीचा त्यांच्यावरच जास्त जीव होता.

दरम्यान राज्य बदलले, बुकोविना रुमानियात गेला. फ्रिमे १९३८ मध्ये वारली. एत्तीने लग्न केले नाही. ती वडिलांबरोबर चक्की चालवू लागली.

मित्रांनो, आता मला १९४० सालच्या शरदाबद्दल सांगायचे आहे. जर्मन सरकारची माणसे गावात आली. इथल्या सगळ्या जर्मनांना ते आपल्या राज्यात नेणार होते. जाणाऱ्यांची नावे शाळेत बसून लिहिली जात होती आणि रक्त शुद्ध आहे ना, याचे कागद तपासले जात होते. गावातल्या बाकीच्या जर्मनांची गाठोडी बांधून झाली. कास्परचे कागद मात्र नऊ दिवस अडकून पडले, कारण चक्कीवाल्या ज्यूचे आडनाव तेच होते. दोघे एकच ठसा वापरतात हेही कोणीतरी जाऊन सांगितले. मग मला कोठारातून आणून त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवले गेले. एका बाजूला कास्पर आणि अपोलोनिया उभे होते, दुसऱ्या बाजूला शुलिमना बोलावून घेतले होते.

अधिकाऱ्याने माझ्यावर बोट ठेवून कास्परला विचारले की हा माणूस तुमचा कोण लागतो.

अपोलोनियाने नवऱ्याच्या बाहीला हात लावला. कास्परने शुलिमकडे पाहिले नाही.

"कोणी नाही," तो म्हणाला. "ओळखसुद्धा गिरणीपुरतीच."

कागदावर शिक्का बसला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी कास्पर मला कापडात गुंडाळून चक्कीवर घेऊन आला. बायकोने आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी दिली होती, तीही त्याने टेबलावर ठेवली. शुलिमनी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही. 

शेवटी शुलिम म्हणाले, "कोणी नाही म्हणालात, ते खरंच आहे, कास्पर. आपण कोणी लागत नाही. पण गिरणीपुरती कशाला म्हणालात?"

कास्परने टोपी हातात दोनदा फिरवली आणि तो निघून गेला. मुरंब्याची बरणी बरेच दिवस तशीच राहिली. मग एत्तीने ती उघडली.

पुढच्या ऑक्टोबरात ज्यूंची पाळी आली. त्यांना न्यायला जे रुमानियन शिपाई आले, ते कागद तपासत बसले नाहीत. दुपारपर्यंत स्टेशनवर हजर व्हा, हातात मावेल तेवढेच घ्या, असा हुकूम होता. एत्तीने पाव, रजई, पातेले आणि आपली वही बांधली. शुलिमनी त्या गाठोड्यात मला खुपसले.

"बाबा, लाकूड कशाला? त्यापेक्षा अजून एक पाव मावेल," एत्ती म्हणाली.

"तिकडे कामाला लावतील ना. काम म्हटलं की पोती आलीच," ते म्हणाले.

गुरांच्या डब्यातून आम्ही दिवसच्या दिवस गेलो. मग चिखल, मग निस्तर नदी, आणि पलीकडे एका छप्पर उडालेल्या कारखान्यात शंभरेक माणसे. तिथे काम नव्हते आणि पोतीही नव्हती. बर्फ पडू लागल्यावर एत्तीने पाणी तापवायला वहीचे एकेक पान जाळले. पेन्सिलीची नावे सगळ्यांत शेवटी गेली. मीही सुके लाकूड होतो. तिने मला दोनदा हातात घेतले आणि दोनदा परत ठेवले.

जानेवारीत शुलिमना ताप आला आणि आठव्या दिवशी ते गेले. मेलेल्यांना घसरगाडीवर घालून एकाच खड्ड्यात नेत असत. कफनाला कापड नव्हते. एत्तीने पावाच्या बदल्यात एक जुने पोते मिळवले, उसवले आणि त्यात वडिलांना गुंडाळले. मग तिने पातेल्याच्या बुडाची काजळी खरवडली, दिव्यातले चार थेंब तेल घालून कालवली, ती माझ्या अंगाला फासली आणि मला त्यांच्या छातीवर दाबले. मी पुसट उमटलो. तिने पुन्हा दाबले. घसरगाडीवाला चांगला माणूस होता. तो थांबून राहिला. नंतर हळूच म्हणाला, "बाई, तिथं कोण वाचणार आहे?"

"वाचायला नाही हो," एत्ती म्हणाली. "त्यांचं आहे म्हणून."

आयुष्यात मी हजारो पोत्यांवर उमटलो. त्यातले एक सांग म्हणाल, तर मी तेच सांगेन.

त्याच कारखान्यात तीन-चार वर्षांची एक मुलगी होती. तिची आई आल्याबरोबर वारली होती. मुलीला आपले नाव झिस्ल एवढेच माहीत होते. गाव, वडील, आडनाव काही नाही. एत्तीने आपल्या वाटच्या मक्याच्या सांज्यातला अर्धा तिला द्यायला सुरुवात केली आणि रात्री ती तिच्या रजईत झोपू लागली. युद्ध संपत आले तेव्हा परतणाऱ्यांच्या यादीत एत्तीने तिचे नाव झिस्ल गेर्स्टनकोर्न असे लिहवून घेतले.

लुंकावाची चक्की दुसऱ्यांच्या ताब्यात गेली होती. आम्ही जवळच्या रदाउत्स शहरात एका खोलीत राहू लागलो. एत्ती विणकामाच्या कारखान्यात जाई. पोती कुठली? माझ्या नशिबी कपाटाचा पाय आला. तो आखूड होता, त्याखाली मला सारले. अकरा वर्षे मी तिथे काढली. एकदा झिस्लने मला ओढून काढून माझ्यावर अक्रोड फोडले आणि माझ्या पहिल्या अक्षराचा टवका उडाला. मला राग आला नाही असे म्हणणार नाही. पण घरात अक्रोड फोडणारे कोणीतरी होते, हे त्याहून मोठे होते.

१९५७ मध्ये जर्मनीहून एक पत्र आले. पाकिटावर नुसते गेर्स्टनकोर्न, लुंकावा एवढेच होते. जुन्या टपालवाल्याने ते शोधत शोधत आमच्यापर्यंत पोहोचवले. पत्र अपोलोनियाचे होते. त्यांना पोलंडमध्ये नुकत्याच हाकलून दिलेल्या दुसऱ्या कुणाच्या घरात नेऊन ठेवले होते. चुलीवर त्या लोकांचे सूप अजून कोमट होते. मुलगा लढाईत गेला. कास्पर निर्वासितांच्या छावणीत वारला. त्या टेबलापुढचे 'कोणी नाही' हे वाक्य मी त्याला पढवले होते, असे तिने लिहिले होते, आणि शेवटपर्यंत त्याला ते एकच वाक्य आठवत राहिले. मुली लग्न होऊन दुसऱ्या नावांत गेल्या. आता इकडे हे नाव लावणारी मी एकटीच उरले. तुमच्याकडे कोणी आहे का?

एत्तीने पत्र घडी करून फडताळात ठेवले. चार दिवस ते तिथेच राहिले. पाचव्या दिवशी झिस्लच म्हणाली, "लिही ना काहीतरी. म्हातारी वाट बघत असेल."

"काय लिहू? झालं गेलं विसरले असं लिहू? मी विसरलेली नाही."

"मग तसं लिही."

एत्ती लिहायला बसली. वडील केव्हा आणि कुठे गेले ते लिहिले. चक्कीचे लिहिले. मी विसरलेली नाही, पण तुमचे पत्र आले हे बरे झाले, असेही लिहिले. शेवटची ओळ होती: नाव लावणाऱ्या इथे आम्ही दोघी आहोत.

झिस्लने कागद उचलून वाचला. तिने त्या ओळीवर बोट ठेवले.

"मी कोण ते तिला खरं कळवायला नको का?" तिने विचारले.

"खरंच लिहिलंय," एत्ती म्हणाली आणि तिने पाकीट मागितले.

मित्रांनो, एत्ती आता नाही. मी झिस्लच्या नातीच्या घरी खिडकीत असतो आणि तिथे ऊन चांगले येते. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू सापडली, तर ती चुलीत घालण्याआधी कुणाची होती ते पाहा. आणि एखाद्याचे आडनाव कानाला विचित्र वाटले, तर हसू नका. ते कुठून आले असे विचारा, आणि त्याचे सांगून होईपर्यंत थांबा.