कान झाकलेला माणूस

यजमानांचा तेरावा झाल्यावर वरच्या मजल्याचं बांधकाम पुन्हा सुरू झालं आणि फकीरप्पा मेस्त्रीनं पहिलं काम काय केलं, तर घराला दृष्टीचं चित्र टांगलं. "दृष्टी लागली की हो अक्का घराला. नाहीतर अण्णा असे जातात काय?" मी म्हटलं, टांग. त्या दिवसांत कोणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणत होते.

आमच्या सप्तापुरात नव्या बांधकामावर राक्षसाचं तोंड टांगतात. फकीरप्पानं ते विकत आणायचा त्रास वाचवला आणि माळ्यावरून माझाच जुना तक्ता काढला. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्या तक्त्यावर मुंक नावाच्या नॉर्वेच्या चित्रकाराचं चित्र आहे: लाल आभाळ, पूल, आणि गालांवर हात धरून तोंड वासलेला एक माणूस. माझ्या यजमानांना, यशवंतांना, ते मुळीच आवडायचं नाही. "हे मढं माझ्या डोळ्यांसमोर नको," म्हणून त्यांनीच ते माळ्यावर टाकलं होतं. आता ते लिंबू-मिरच्यांसकट त्यांच्याच घराच्या कपाळावर बसलं.

मला हसू यायला हवं होतं, निदान राग तरी. काहीच आलं नाही. ते गेल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. पुण्याहून आलेली माझी मुलगी रूपाली सारखी मागे लागायची, "आई, रड गं एकदा." जसं काही रडू म्हणजे नळाचं पाणी. आमच्याकडे नळालाही आठ दिवसांनी का होईना पाणी येतं. मला तेवढंही येत नव्हतं.

चित्रापुढे मात्र गर्दी व्हायला लागली. विद्यापीठाची पोरं थांबायची, गालांवर हात धरून, तोंड वासून फोटो काढायची. भाजीवाली भागीरथी म्हणाली, "हा मोबाइलमधला की, घाबरल्यावर पाठवतात तो." चित्रकाराचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं, चित्र सगळ्यांच्या ओळखीचं. मी तीस वर्षं उगाच घसा कोरडा केला.

एका मुलीनं फाटकापाशी मला विचारलं, "आंटी, हा का ओरडतोय?"

"ओरडत नाही तो," मी सवयीनं म्हटलं. "किंकाळी बाहेर आहे, आभाळात. हा कान झाकतोय."

हे वाक्य वर्गात हजार वेळा म्हटलं असेल. या वेळी ते मी स्वतः ऐकलं.

ते गेले त्या दिवशी, स्लॅबच्या दिवशी, काँक्रीटचं मशीन सकाळपासून घरघरत होतं. माझं डोकं उठलं होतं. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मी दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून बसले होते, आणि तेव्हाच मागच्या जिन्यावर ह्यांच्या छातीत कळ आली. मागच्या घरातल्या कुसुमावती भेटायला आल्या तेव्हा सांगून गेल्या, "दोनदा हाक मारली बघा त्यांनी. वत्सला, वत्सला. मला वाटलं, चहा मागतायत." मी सगळ्यांना म्हणत राहिले, मशीनच्या आवाजात कसं ऐकू येणार? सगळ्यांनी मानलं, मीही मानलं. कान झाकल्याचं मात्र कोणाला सांगितलं नाही.

मी फकीरप्पाकडे गेले. "मशीन चालू कर. आणि मागच्या जिन्यावरून मला हाक मार. दोनदा."

"कशाला हो अक्का?"

"मार म्हणते ना."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मशीनकडे गेला.

मी त्याच खुर्चीत बसले. हात मांडीवर ठेवले. मशीन सुरू झालं, मांडणीवरची भांडी थरथरायला लागली. मनात म्हटलं, देवा, ऐकू येऊ देऊ नकोस.

"अक्का." थोड्या वेळानं पुन्हा, "अक्का."

शेजारी उभं राहून बोलावं इतकं स्वच्छ.

मशीन बंद झालं. फकीरप्पा दारात आला. "ऐकू आलं काय, अक्का?"

"आलं," मी म्हटलं. आणि मग मला रडू आलं, आवरेनाच.

रूपाली आतून धावत आली. तिनं मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं, आई. रड."