गळलेले फर्मे

फुकटचा महिना उद्या संपणार होता आणि सूनबाईचं मन काही ठरत नव्हतं. पुस्तकं वाचून ऐकवणारं ते अ‍ॅप तिनं घेतलं, तेव्हा कंपनीनं पहिला महिना पदरचा दिला होता. उद्यापासून दर महिन्याला पैसे कापले जाणार. नको असेल तर आजच्या आज बंद करायचं.

घर पुस्तकबांधणीचं. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधे एक दार. कापणीच्या यंत्रावर नवरा, शिलाईला सूनबाई, आणि जुळणीच्या टेबलाशी चव्वेचाळीस वर्षं आबा, म्हणजे तिचे सासरे. मोठ्या छापील कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा जुडगा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे वीस-पंचवीस फर्मे ओळीनं लावले की पुस्तक उभं राहतं. मधलाच एखादा गळला, तर वाचणारा पान ऐंशीवरून थेट सत्त्याण्णववर जाऊन आपटतो. आबांच्या हातून इतक्या वर्षांत एक फर्मा गळला नव्हता. आतल्या मजकुराशी मात्र त्यांचं देणंघेणं नव्हतं. हजारो पुस्तकं बांधली, वाचलं एकही नाही. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "न्हावी कधी स्वतःची हजामत करतो का?"

सात महिन्यांपूर्वी त्यांची नजर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. आबांनी टेबल सोडलं ते मागच्या खोलीत जाऊन पलंगावर बसले, ते बसलेच. बोलणं "हो", "नको" आणि "ठेव तिथे" एवढ्यावर आलं. ताट अर्धं परत यायला लागलं. "देहानं ठणठणीत आहेत," नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "पण मनानं उठले नाहीत तर…" आणि वाक्य तिथंच ठेवून ते पुढच्या रोग्याकडे वळले. ते अर्धं वाक्य सूनबाईच्या उरावर धोंड्यासारखं बसलं होतं.

म्हणून तर हा सगळा खटाटोप. देवानं एक दार लोटून घेतलं तरी दुसरं सताड उघडं ठेवलंय, असं तिला वाटायचं. भक्तीच्या नऊ पायऱ्यांतली पहिली पायरीसुद्धा ऐकण्याचीच आहे. तिनं घरातला जुना फोन पुसला, त्यात एका नावाड्याची भलीमोठी कादंबरी लावली आणि कानात घालायची वायर आबांच्या हातात दिली.

"या वायरीवर बटण आहे, आबा. दाबलं की सुरू. पुन्हा दाबलं की बंद."

"पुस्तक हातात धरायचं असतं, पोरी. कानात घालायचं नसतं. ने ते."

"राहू दे की फळीवर. खायला थोडंच मागतंय?"

"ठेव तिथे."

फोन फळीवर राहिला. रोज संध्याकाळी ती बघायची. फोन जिथल्या तिथे, वायरीचं वेटोळं तसंच नीटनेटकं.

"हात लावलात का, आबा?"

"नाही."

आठवडाभर हेच. शेवटी, घेतलंय तर वाया का घालवा, म्हणून चार वाजता शिलाईला बसली की ती स्वतःच आपल्या फोनवर ती कादंबरी ऐकायला लागली. सुई चालायची, दोरा ओढला जायचा आणि कानात नावाडी वल्हं मारायचा. सुरुवात तर अशी जमली की सुई दोनदा बोटात गेली. पण दुसऱ्याच दिवशी गाडी घसरली. आदल्या दिवशी नावाड्याच्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. आज बघते तर तिचं लग्न ठरूनही गेलेलं. पुढे एकदा आकाश भरून आलं होतं. दुसऱ्या दिवशी नाव फुटलेली आणि नावाडी तिसऱ्याच गावात कुणाच्या तरी ओसरीवर पडलेला. मधलं सगळं गायब.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो पुठ्ठे कापत होता.

"अहो, हे पुस्तक सदोष आहे. मधले फर्मे गळलेत."

"यात कसले फर्मे आलेत?"

"जे काय असेल ते. वादळ येणार, वादळ येणार म्हणून जीव टांगणीला लावला, आणि वादळच नाही."

"फुकट ते पौष्टिक म्हणून घेतलंस, आता भोग." मग तो गंभीर झाला. बांधणीवाल्याला गळलेला फर्मा म्हणजे घरात निघालेला विंचू. "अशी प्रत आपण गिऱ्हाइकाला दिली असती, तर त्यानं तोंडावर मारली असती. महिन्याला चार जाड वह्या बांधल्याची मजुरी जाणार त्यात. आणि आबा ऐकतात का?"

"नाही."

"मग कुणासाठी भरायचे?"

अ‍ॅप बंद करायला तिचा हात धजत नव्हता तो पैशांपायी नव्हे. आबांसाठी दुसरं काही सुचत नव्हतं. हे बंद केलं की आपलेही हात टेकले, असा त्याचा अर्थ होत होता.

दुपारचं जेवण आटोपल्यावर ती मागच्या खोलीत गेली आणि फळीवरचा फोन उचलला. पलंगावरून आवाज आला.

"काय नेतेस?"

"फोन. उद्या मुदत संपते, आबा. आज बंद करून टाकते."

पांघरुणाच्या काठावरून त्यांची बोटं फिरत राहिली, घडी दाबल्यासारखी. ती दारापर्यंत पोचली तेव्हा ते म्हणाले, "बंद कशाला?"

"तुम्ही तर ऐकत नाही. आणि पुस्तकही धड नाही. फर्मे गळलेत त्यातले."

"कुठले?"

"वादळाचे. अख्खं वादळच गळलंय."

चव्वेचाळीस वर्षांच्या जुळणीदाराला हे सोसवलं नाही. ते ताठ बसले.

"कोण म्हणतं? वादळ पुरं आहे. वल्हं मोडतं, शिडाचा दोर हाताला कापतो, म्हातारा प्रवासी पाण्यात जातो, सगळं आहे. गळलंय ते बहिणीचं लग्न. ठरलं इथवर कळतं, लागलं कधी, काही पत्ता नाही. उगाच भलत्या फर्म्यावर आळ घेऊ नकोस."

सूनबाई दारातच उभी राहिली. पुढे नवऱ्याचं यंत्र खडखडत होतं.

"लग्न आहे की, आबा," ती हळूच म्हणाली. "मी ऐकलं काल. पावसात मांडव उडाला, ते."

"कुठल्या फोनवर?"

"माझ्या. चार वाजता."

"मी बारा वाजता ऐकतो. याचं यंत्र सुरू असलं की."

आता दोघांच्याही ध्यानात आलं. दोन्ही फोनांवर अ‍ॅपचं खातं एकच; म्हणजे पुस्तक एक, कुठवर ऐकलं त्या खुणेची दोरी एक आणि ओढणारे दोघं. आबा दुपारी जिथवर जात, तिथून पुढे तिचं सुरू होई; ती संध्याकाळी जिथे थांबे, तिथून दुसऱ्या दिवशी आबांचं. अख्ख्या कादंबरीतला एक फर्मा सासऱ्याकडे, दुसरा सुनेकडे, अशी वाटणी तीन आठवडे बिनबोभाट चालली होती. आणि सोळा पानं इकडे तर सोळा तिकडे अशी कादंबरी अर्धी-अर्धी ऐकून दोघंही कंपनीला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

आबांचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं, ठसका लागला. मग त्यांचं हसू बाहेर पडलं, जुन्या दाराच्या बिजागरीसारखं कुरकुरत. तिनं पलंगाच्या काठावर बैठक मारली आणि पदर तोंडाला लावला. हसायला लावला, की आणखी कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. उरावरचा धोंडा मात्र कधी उतरला ते कळलंसुद्धा नाही.

"मग मला 'नाही' का म्हणत होता रोज?"

"पहिल्या दिवशी ने म्हणालो ना मी. आठवड्यानं सहज बटण दाबलं, तर मधूनच सुरू झालं, पण आवडलं. आता आवडलं म्हणायला तोंड कुठून आणू?" ते खाली मान घालून म्हणाले. "वेटोळं बरोबर घालायचो पण."

"ते तर इतकं बरोबर घालायचात की माझी खात्रीच पटली."

हसण्याचा आवाज ऐकून नवरा यंत्र थांबवून आत आला. हातातला पुठ्ठा खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. बापाच्या हसण्याला काय म्हणावं हे न कळून तो कामाचंच बोलला. "काय, बंद केलंस का?"

"हात लावू नकोस," आबा म्हणाले.

"अहो आबा, पण सदोष आहे ना?"

"दोष आमच्यात होता," सूनबाई म्हणाली, आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग कागदाच्या गठ्ठ्यावर बसला, मग उगाचच चष्मा पुसायला लागला.

"बरं, आता लग्नाचं सांग," आबा तिला म्हणाले. "मांडव उडाला, पुढे?"

"आधी वादळ. माझं वादळ राहिलंय."

आबांनी घसा साफ केला आणि सांगायला घेतलं. सात महिन्यांत ज्यांच्या तोंडून दोन-चार शब्दांपलीकडे फारसं काही निघालं नव्हतं, त्यांनी नाव पाण्यात लोटली. वारा सुटला तेव्हा त्यांचा आवाज चढला, म्हातारा प्रवासी बुडाला तेव्हा इतका उतरला की नवरा गठ्ठा सरकवून जवळ आला. हात हवेत वल्हं मारत होते. एका जागी ते थांबले, "नाही, चुकलो, आधी शिड फाटतं," म्हणत मागे गेले आणि क्रम नीट लावून पुन्हा पुढे निघाले. पाऊण तास झाला. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक दोनदा खाकरून निघून गेलं. कुणी उठलं नाही.

नाव फुटली, नावाडी काठाला लागला. नवऱ्यानं सुस्कारा सोडला.

"म्हणजे आबा घरबसल्या सांगताहेत, तेही वाऱ्या-पावसासकट," तो म्हणाला, "मग कंपनीला पैसे कशाला भरायचे?"

"भर रे बाबा," आबा म्हणाले. "पुढचं मला तरी कुठं ठाऊक आहे?"