मैनाबाईचं लेबल आणि मी डबा

मी डबा बोलतोय. कागदोपत्री संगणक, पण वरूडजवळच्या या घरात किसनराव मला डबाच म्हणतात, आणि डब्याने बोलू नये असा काही कायदा नाही.

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. अकोल्याच्या एका शाळेत होतो, पण खोलीला कायम कुलूप. दसऱ्याला हळदकुंकू वाहून गुरुजी हात जोडत आणि पुन्हा खोळ घालत. एवढी पूजा झालेला आणि एवढा बिनकामाचा देव मीच. शेवटी लिलावात निघालो. किसनरावांच्या लेकाने, अमोलने मला उचललं. त्याच्या मित्राने पोटातलं जुनं सगळं काढून लिनक्स नावाची हलकी, फुकटची प्रणाली घातली, आणि म्हातारपणी अंगात बळ आलं. अमोल पिकअप घेऊन सदा संत्र्यांच्या फेऱ्यांवर. माझ्यापुढे बसली त्याची बायको, रागिणी.

काय बाई आहे! माउस धरते विळ्यासारखा. चुकली की स्वतःलाच हसते आणि पुन्हा चुकायला तयार. असं माणूस मी शाळेतही पाहिलं नव्हतं.

चित्रं काढायच्या प्रोग्रामात तिने सासूचं चित्र काढलं: डोक्यावर पदर, ओठांत दाबलेलं हसू, खाली ‘मैनाबाईची संत्री’. जन्मभर बाग राखली मैनाबाईने आणि पेट्यांवर नाव व्यापाऱ्याचं. यंदा तिचं लेबल लागणार होतं. फक्त रंग भरायचा राहिला होता आणि संत्र्यांचा तोडा दुसऱ्या दिवशी.

नेमकं तेव्हाच काहीतरी दाबलं गेलं. ब्रश, रंग, खोडरबर, प्रोग्रामची सगळी हत्यारं गायब. डब्यावर आधीपासूनच डूख धरलेले किसनराव खूश. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर पेट्या कोऱ्या जातील आणि डबा भंगारात, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

फोनवर अमोल म्हणाला, प्रोग्राम काढून टाक आणि पुन्हा बसव. आईचं चित्र त्यासोबत जाईल का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. नक्कल ठेवावी तर घरातला एकुलता पेनड्राइव्ह पिकअपमध्ये गाणी म्हणत परतवाड्याला गेलेला.

रागिणीने पडद्यावर हुकूम द्यायची काळी खिडकी उघडून प्रोग्राम काढायला सांगितलं. मी पासवर्ड मागितला. तो लिहिताना पडद्यावर मी टिंबसुद्धा उमटू देत नाही. नवख्याची फजिती बघायला मला फार आवडते.

“कीबोर्ड मेला,” किसनराव म्हणाले.

“मेला नाही, मामाजी. तुमच्यासारखा ऐकून राह्यला, फक्त हो म्हणत नाही.”

प्रोग्राम गेला. रागिणीने आधी चित्रांचा फोल्डर उघडला. मैनाबाई जागेवर, हसू दाबून. विळा मोडला म्हणून पीक जात नसतं. मग मोबाइलच्या नेटवरून तिने प्रोग्राम पुन्हा बसवला, उघडला, आणि हत्यारं पुन्हा गायब ती गायबच.

“आता काहून नाही आले?” किसनरावांच्या मिशीत हसू मावेना.

इथे भलेभले मला थापडा मारतात. रागिणी नुसती बघत बसली. मग हळूच म्हणाली, “मामाजी, आपण कुंदा वरून कापला, खणला नाही. मूळ इथंच कुठी तरी हाये.”

काळ्या रानातलं ते चिवट गवत. कापलं की दुप्पट फुटतं. माझंही तसंच. प्रोग्राम गेला तरी तुम्ही लावलेल्या सवयी मी एका लपवलेल्या फोल्डरात जपून ठेवतो. म्हाताऱ्याची खोड, दुसरं काय! रागिणीने मोबाइलवर शोधून लपलेलं दाखवायची युक्ती काढली. प्रोग्रामच्या नावाचा फोल्डर सापडला. मैनाबाई चुकून त्यात नाही ना, हे नीट बघून तो उडवला. प्रोग्राम उघडला तर सगळी हत्यारं हजर, पहिल्या दिवसासारखी. माझं गुपित इतक्या मायेने कोणी खणलं नव्हतं.

संध्याकाळी परतलेला अमोल रंग भरलेलं चित्र पेनड्राइव्हवर घालून वरूडला छापून घेऊन आला. मैनाबाई लेबलावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

“नाक संत्र्याएवढं काढलं वं पोरी,” ती म्हणाली, आणि पहिलं लेबल तिने पेटीवर नाही, माझ्या कपाळावर चिकटवलं. भंगाराचं नाव त्या दिवसापासून निघालं नाही.

हल्ली दुपारी घर झोपलं की किसनराव चोरपावलांनी येतात. लेबलासाठी स्वतःचं चित्र काढायला बघतात, मिश्यांसकट. काल त्यांनी हत्यारं पुन्हा गायब केली आणि खोळ घालून पळाले. मी चुगली करणार नाही. सूनबाई, तू खणून काढशीलच. फक्त कुंदा खणताना या डब्याला हलवू नकोस. माझ्या कपाळावर आता तुझी सासू आहे.