हिरालालची बांधी

आश्विन सरत आला होता. पळसपाणीच्या शिवारात धान पोटरीत आलेला होता, आणि पाऊस मात्र आपले काम आटोपल्यासारखा कधीच निघून गेला होता. या अवस्थेत धानाला पाणी मिळाले नाही, तर लोंबी बाहेर येते, पण तिच्यात दाणा भरत नाही. दुरून पाहणाऱ्यास शेत भरलेलेच दिसते. पोचट पीक आणि भरले पीक यांतील भेद हात लावल्याशिवाय कळत नाही.

पंचफुला अंगणात सुपाने तांदूळ पाखडीत बसली होती. तिचा मुलगा जीवन शेतावरून आला आणि पायही न धुता ओट्यावर टेकला.

"माय, बांधीत चिरा पडून राहिल्या. पाच बोटं जाते आतमंदी."

"पानीवाटपवाल्या तुलारामजीले विचारलं?"

"विचारलं ना. म्हणते, टेलवाल्याचा नंबर शेवटी."

पंचफुला सूप थांबवून हसली. "तलावापासून दुसरी बांधी आपली. ते पाटाच्या शेवटाले, टेलले, कवा गेली गा?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होते. बावीस वर्षांपूर्वी पळसपाणीच्या बौद्ध वस्तीवर गावातलीच माणसे चालून आली, त्यांनी घरे पेटविली, आणि त्या आगीत व मारात सहा माणसे गेली. पंचफुलेचा नवरा हिरालाल त्यांतला एक होता. वाचलेली बहुतेक कुटुंबे शहापूरला हमरस्त्याच्या कडेला जाऊन राहिली. पंचफुला गेली नाही. हिरालालचे दीड एकराचे धानशेत, ती बांधी, येथे होती, आणि तिने न्यायालयात साक्षही दिली. त्या साक्षीनंतरच्या पहिल्या हंगामापासून तलावाच्या पाण्याची पाळी तिच्या बांधीला वळसा घालून पुढे जाऊ लागली. कोणी बहिष्काराची दवंडी पिटली नाही. ठराव नाही, शिवी नाही. पाटाचे तोंड तेवढे चिखलाने बुजलेले राहू लागले. शेवटी पाळी यायची तेव्हा तलावात गाळ उरलेला असे. दुष्ट रूढीला चिरंजीव व्हायचे असते तेव्हा ती आवाज करीत नाही.

दहाच्या सुमारास दारात पांढरी गाडी उभी राहिली. नागपूरची रिता आणि तिचा कॅमेरावाला कुलदीप उतरले. रिताने गतवर्षी या हत्याकांडावर माहितीपट केला होता, त्याला मोठ्या शहरात बक्षीस मिळाले होते, आणि त्या आनंदात आज सायंकाळी शाळेच्या पटांगणात तो दाखविला जाणार होता. रिता वाईट मुलगी नव्हती. तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळे होती, आणि ती पंचफुलेच्या पाया मनापासून पडत असे.

"आजी, आता दुसरा भाग करतेय. पुढच्या पिढीचा. दीपमाला फक्त पेटी उघडेल, आजोबांचा सदरा काढेल आणि नाकाशी धरेल. एवढंच."

दीपमाला जीवनची मुलगी, सहावीत शिकणारी. तिने विचारले, "रडाचं का मॅडम?"

"आलं तर येऊ दे. नॅचरल."

पंचफुला पाहत राहिली. बावीस वर्षांत तिला ही विद्या अवगत झाली होती. आधी ते विझलेली चूल टिपतात, मग हाताच्या शिरा, मग डोळे. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज कोठे खाली येतो, तेही तिला पाठ होते; तो आवाज खाली आला की तिचे अश्रू आपोआप येत, रहाटाचा दोर ओढावा तसे. पहिल्या वर्षी ती ऊर फोडून रडली होती. आता ती केवळ थकत असे.

आणि त्या सदऱ्याविषयी एक गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती. हिरालालचा खरा सदरा खटल्यात मुद्देमाल म्हणून जमा झाला, तो परत आलाच नाही. मागे आलेल्या कोण्या चित्रणकर्त्यांना पेटी रिकामी आढळली, तेव्हा त्यांनी पवनीच्या बाजारातून एक जुनासा सदरा आणविला आणि जाताना तो पेटीतच राहिला. रितालाही हे ठाऊक नव्हते. पुढे ज्याने त्याने तोच सदरा काढावयास लावला, आणि नवऱ्याच्या अंगाला कधी न लागलेल्या त्या कापडावर पंचफुला प्रत्येक वेळी खरे अश्रू ढाळीत आली.

दीपमालाने सदरा उचलला. कुलदीप कुजबुजला, "जरासा हळू, बेटा. डोळे मीट."

मुलीने डोळे मिटले, नाकपुड्या फुलविल्या, आणि तिचा ओठ थरथरू लागला. न पाहिलेल्या आजोबासाठी, दुसऱ्याच कोणाच्या वस्त्रावर.

"बस!" पंचफुला उठली. तिने सदरा नातीच्या हातून घेतला, घडी घातली आणि काखेत धरला. "तुले शाळा नाही का वं? निघ."

"आजी, एकच टेक..."

"माया घरात एक रडणारी झाली, पुरे झाली, पोरी. तिले शिकवू नोको."

सायंकाळी पटांगण भरले. गावाने मनापासून तयारी केली होती. खुर्च्या होत्या, हार होते, आनंदराव गुरुजींनी 'आपल्या गावाचे नाव देशात गेले' असे प्रास्ताविकही केले. पाणीवाटप समितीचे अध्यक्ष तुलाराम पहिल्या रांगेत होते. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई स्त्रियांच्या बाजूला बसल्या होत्या. पंचफुलेला व्यासपीठाजवळ मानाची खुर्ची होती.

माहितीपट खरोखर कौशल्याने केलेला होता. त्यात बासरी होती, धुके होते, जळलेल्या वाशावर बसलेला एक पक्षी होता. मारणाऱ्यांचा उल्लेख 'जमाव' असा होता, आणि त्या रात्रीला 'काळी रात्र' म्हटले होते. जणू पाप रात्रीनेच केले. मग पडद्यावर पेटी उघडली, पंचफुलेने सदरा उराशी धरला, बासरी थांबली. सारे पटांगण मुसमुसू लागले. तुलारामांनी उपरण्याने डोळे पुसले. ते ढोंग नव्हते. त्यांचे खांदे हलत होते.

आपल्या प्राचीन नाट्याचार्यांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. रंगभूमीवरचा शोक प्रेक्षकाच्या ठायी करुणरस होतो, आणि रस म्हणजे आस्वाद. आस्वाद घेणारा रडतो आणि हलका होऊन घरी जातो. ही कलेची थोरवी आहे, यात संशय नाही. परंतु जिचा शोक अद्याप चालू आहे, जी त्याच गावात, त्याच पाटाच्या कडेला उभी आहे, तिच्या शोकाचाही आपण आस्वाद घेऊन हलके व्हावे काय? या प्रश्नाचे उत्तर आचार्यांनी दिलेले नाही. त्यांची पात्रे खेळ संपल्यावर मुखवटा उतरवून आपापल्या घरी जात.

दिवे लागले. मागून कोणी म्हणाले, "मागच्या पिक्चरपेक्षा हे जबरदस्त आहे बाप्पा." बायका पंचफुलेचे हात धरून रडू लागल्या. गुरुजींनी ध्वनिक्षेपक तिच्यापुढे केला. "दोन शब्द, पंचफुलाबाई."

तिने सोबत आणलेला सदरा काखेतून काढून टेबलावर ठेवला.

"तुमी ज्या सदऱ्यासाठी रडले ना, तो माया मानसाचा नाही. पवनीच्या बजारातला आहे. तेच्या आंगावर कधी गेलाच नाही." रिताचा चेहरा पांढरा पडला. "मीबी रडली त्याच्यावर. तुमचा दोष नाही. पन बांधी मात्र तेचीच आहे. तलावापासून दुसरी. तिच्यात धान मरून राहिला. मले हार नोको. तिले पानी द्या."

तुलाराम उभे राहिले. आवाज मृदूच होता. "पंचफुला, हे आता येथी कायले काढतं वं? आज दुःखाचा दिवस आहे. पाण्याचं मीटिंगमंदी बोलू."

"बावीस वर्षांपासून मीटिंग होऊन राहिली जी."

माणसे खुर्च्या आवरू लागली. क्षणापूर्वी ओले असलेले डोळे आता एकमेकांना टाळीत होते. हार टेबलावरच राहिला, सदराही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुलाराम चहा घेत होते. सत्यभामाबाईंनी कपबशी त्यांच्यापुढे ठेवली, पण त्या हलल्या नाहीत.

"अवो, काल तुमी रडले. खरं रडले का देखाव्याले?"

"खरं रडलो. काहून?"

"मंग पानी?"

तुलाराम वैतागले. "तुले समजत नाही. रडनं वेगळं, पाळी वेगळी. आज तिले देल्लं तं उद्या बाकीचे बांधीवाले मलेच बोलतीन. अध्यक्षपद का तुया बापाचं आहे?"

"माया बापाचं नाही. तलाव का तुमच्या बापाचा आहे?"

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असे वाक्य त्या घरात उच्चारले गेले नव्हते. तुलारामांचा कप अर्ध्यावर थांबला. सत्यभामाबाईंनी कोपऱ्यातला फावडा उचलला. म्हातारा गडी डोमा गोठ्यातून म्हणाला, "बाई, मी येऊ का जी?" त्या म्हणाल्या, "तू कायले येतं? तुले कामावरून काढतीन. मले कोन काढते?"

पाटावर त्या एकट्याच गेल्या. गुडघे दुखत होते. दोनदा त्या थांबल्या. हिरालालच्या बांधीपाशी पाटाचे तोंड चिखलाने आणि दगडांनी बुजलेले होते, वर्षानुवर्षांच्या थरांवर गवत उगवले होते. पहिल्या घावांनी काही झाले नाही. मग एक दगड निसटला, त्यामागे गढूळ धार आली, आणि पाहता पाहता तोंड मोकळे झाले. चिरांमध्ये पाणी शिरताना जमीन सुस्कारा टाकावा तसा आवाज करते. तो आवाज तेथे झाला.

जीवन आणि पंचफुला धावत आली. त्यांच्यामागून रिता आणि कुलदीपही आले.

"काकू!" रिताला धाप लागली होती. "काकू, प्लीज, परत एकदा. आम्हाला उशीर झाला. फक्त तो दगड काढतानाचं..."

सत्यभामाबाईंनी कपाळाचा घाम पदराने पुसला. "आता बुजवू, अन् तुयासाठी पुन्हा सोडू का वं माय? हे धानासाठी सोडलं."

रिता ओलावू लागलेल्या मातीतून चपला हातात घेऊन बाजूला सरकली.

पंचफुलेने आभार मानले नाहीत. ती रडलीही नाही. वाकून तिने पाण्याची दिशा पाहिली आणि म्हणाली, "पाय बाजूले घे, सत्यभामा. तिकडचा बांध फुटन."

नावापुढचे 'बाई' गळून पडले होते. सत्यभामाबाईंनी पाय बाजूला घेतला.

दूर तलावाच्या काठावर तुलाराम येऊन उभे राहिले होते. सोबत पाटावरच्या इतर बांध्यांचे चारसहा शेतकरी होते, आणि दोघांच्या हाती फावडे होते. ते उतरून पाट पुन्हा बुजवितात की परत जातात, हे खालून कळत नव्हते. पंचफुलेने एकदा वर पाहिले. मग ती पाटाच्या उघड्या तोंडाशी जाऊन बसली. सत्यभामा तिच्या शेजारी बसली. दोघींनाही वयामुळे बसताना त्रास झाला, आणि उठण्याची घाई दोघींनीही दाखविली नाही.

वाचकहो, येथवर वाचताना आपले डोळे ओलावले असतील, तर ते पुसून टाकावे. त्या ओलाव्याने पळसपाणीचा धान भरत नाही. आपल्याही गावात एखादा पाट असेल, आणि कोणाच्या तरी बांधीपाशी त्याचे तोंड बुजलेले असेल; त्यावर गवत उगवले असल्याने ते आपणांस नैसर्गिक वाटत असेल. एकदा तेथवर चालत जावे. जाताना कॅमेरा नेण्याचे कारण नाही. फावडा न्यावा.